ब्रेंटच्या गाडीचे सुटे भाग

यालामरा गावात धान्याच्या उंच कोठारांकडे जाणारा रस्ता जिथे डांबर सोडून मातीला लागतो, तिथे क्लेम नॉस्केची पत्र्याची शेड. पाटी नाही, दरपत्रक नाही. शनिवारी सकाळी फाटकापाशी दोन-चार गाड्या उभ्या दिसल्या की समजायचं, उद्या रेस आहे.

रेस म्हणजे काही मोठी भानगड नव्हे. गावाबाहेर युद्धाच्या काळातला विमानतळ पडीक आहे. त्याच्या धावपट्ट्यांवर महिन्यातून एक रविवार क्लबची मंडळी गाड्या पळवतात. पळवणारे कोण, तर बेकरीवाला, मेंढ्यांची लोकर कातरणारे दोघे भाऊ, शाळेतली बाई, टपाल वाटणारा. गाड्या एके काळी कुणाच्या तरी आजीने बाजारहाटाला वापरलेल्या. आतल्या सीटा उपटून, लोखंडी पिंजरा बसवून त्यांचं रेसचं जनावर केलेलं. पहिलं बक्षीस म्हणजे खाटकाकडून आलेली मटणाची परात. पण त्या परातीसाठी एरवीची शहाणी माणसं एकमेकांच्या गाडीच्या दारात गाडी घालतात.

अशा गाड्यांचं दुखणं ठरलेलं असतं. चाक ज्या चार लोखंडी स्टडांवर बसतं, ते आधी जातात. घरच्या गाडीचं चाक वर्षातून एकदा उतरतं, रेसच्या गाडीचं एका दिवसात कितीदा तरी. दर वेळी नट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. स्टड ताणला जातो, आटे झिजतात, आणि एक दिवस वळणावर चाक गाडीला मागे टाकून पुढे निघून जातं. त्याखालोखाल जातात ते चाकाला गाडीशी जोडणारे खालचे आर्म, बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअप. शहरातल्या रेसच्या दुकानात ह्या सगळ्याची किंमत विचारली की माणूस फोन ठेवून देतो. मग तो क्लेमकडे येतो.

क्लेम रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा निम्मं गाव शहरात गेलं, हा राहिला. ठोकलेल्या गाड्या भंगाराच्या भावाने आणायच्या, चांगले भाग काढायचे, तपासायचे, स्वस्तात लावून द्यायचे. पैसे नसतील त्याच्याकडून जळाऊ लाकूड चाले, मेंढीची तंगडी चाले. एका बाबतीत मात्र तो हट्टी होता. शॉकअप जुना देईल, आर्म जुना देईल, पण स्टड जुना कधीच नाही. जुना स्टड तो हातोड्याने ठोकून बाहेर काढी, बादलीत टाकी आणि नवाच बसवी. "लोखंडाला आठवण असते," एवढंच म्हणायचा. त्यापलीकडे त्याच्याकडून बोलणं काढणं अवघड.

आणि आणलेल्या गाडीची कथा तो कधी विचारत नसे. कुठे ठोकली, आत कोण होतं, वाचलं का, काही नाही. लोकर कातरणाऱ्यांपैकी थोरला, रसेल, मुद्दाम खोड काढायचा. "क्लेम, ह्या आर्मला रक्तबिक्त नाही ना लागलेलं?"

"लागलं असेल तर त्याचे पैसे वेगळे पडतील," क्लेम मान वर न करता म्हणायचा, आणि शेडमध्ये हशा पिकायचा.

ह्या मंडळींत ब्रेंट लीबेल्ट होता. वय सत्तावीस. बाप लहानपणीच वारलेला. आईबरोबर, ग्लेनिसबरोबर, गव्हाची शेती बघायचा. त्याची नारिंगी गाडी गावात सगळ्यांना लांबून ओळखू यायची. दर शनिवारी तो शेडमध्ये यायचा, उलट्या पिंपावर बसून क्लेमची बिस्किटं संपवायचा आणि अखंड बोलायचा. खरं सांगायचं तर क्लेमला त्याच्या बडबडीचा कंटाळा यायचा. तो गेला की शेडमध्ये कसं निवांत वाटायचं.

मार्चमधल्या त्या रविवारी क्लेमचा गुडघा सुजला होता, म्हणून तो रेसला गेला नाही. बायको आयलीन गेली. क्लबचं कँटीन तीच चालवते. संध्याकाळी परत आली, चॉप्स तळले, दोघं जेवले. कोण जिंकलं ते तिने सांगितलं. सोमवारी सकाळी पोलिसाचा फोन आला, "क्लेम, तुझा गाडी उचलायचा ट्रक घेऊन हमरस्त्यावर ये. मोरीपाशी."

रेसहून घरी परतताना ब्रेंटसमोर बहुधा कांगारू आडवं आलं असावं. रेसच्या गाडीचा ट्रेलर ओढणारी त्याची गाडी रस्ता सोडून मोरीखालच्या चरात गेली होती, ट्रेलर तिच्यावर. ते सगळं इतकं खाली, की रस्त्यावरून काही दिसत नव्हतं. ब्रेंटला तोवर घेऊन गेले होते. क्लेम आला होता तो रेसच्या गाडीसाठी. ट्रेलरवरचे पट्टे तुटून ती सुटली होती, आणि गव्हाच्या कापलेल्या रानात दूरवर जाऊन उभी राहिली होती. उलटली नव्हती, पालटली नव्हती. चार चाकांवर सरळ, तोंड रस्त्याकडे. जणू कुणीतरी तिला तिथे लावून, हँडब्रेक ओढून घरी गेलं होतं.

क्लेमने आयुष्यात शेकड्यांनी ठोकलेल्या गाड्या उचलल्या होत्या. ही उचलायला त्याचा हात धजेना. तिच्यापाशी जायचं तर रान तुडवत, थेट तिच्या तोंडासमोरून जावं लागणार होतं. तो वळसा घालून मागून गेला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

अंत्यविधीनंतर काही आठवड्यांनी ग्लेनिस शेडमध्ये आली. उंच, हाडापेराने मजबूत बाई; हंगामात गव्हाचे ट्रक स्वतः चालवणारी. गाडी एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. ग्लेनिसने ताडपत्री उचलून पाहिलीदेखील नाही.

"कितपत नुकसान आहे?" तिने विचारलं.

"फारसं नाही. पुढच्या डाव्या चाकाचे दोन स्टड तुटलेत. एक आर्म वाकलाय. बाकी सगळं ठणठणीत आहे." हे बोलल्यावर क्लेमला वाटलं, हे आपण दुसऱ्या शब्दांत सांगायला हवं होतं.

"मग तोड आणि वाटून टाक," ती म्हणाली. "पोरांना लागतंच ना काही ना काही. पैसे नकोत मला. घरी ती गाडी नको आणि भंगारातही नको."

"ग्लेनिस, सहा महिने थांब हवं तर. उभी राहू दे इथे."

"उभीच तर होती ना ती," ग्लेनिस म्हणाली आणि निघून गेली.

त्या वाक्याचा अर्थ क्लेमला तेव्हा लागला नाही.

गाडी खोलायला त्याला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. नट सहज सुटत होते. ब्रेंट तेल-ग्रीसला कधी कंजुषी करत नसे. पण काम करताना आपल्या पाठीमागे पिंपावर कुणीतरी बसलंय असं क्लेमला राहून राहून वाटायचं. एकदा तर बिस्किटांचा डबा पुढे करायला हात अर्धा गेलादेखील. त्याने पिंप उचलून बाहेर उन्हात नेऊन ठेवलं. त्यानंतर शेड निवांत झाली, आणि तो निवांतपणा त्याला सोसेना. दोन दिवसांनी पिंप परत आत आणलं.

सगळे स्टड त्याने ठोकून काढले. पुढचे शॉकअप रसेलला गेले, स्प्रिंगा बेकरीवाल्याला, चांगला राहिलेला आर्म आणि स्टिअरिंगचे जोड शाळेतल्या बाईंना, स्टड ज्यांत बसतात ते पुढचे हब टपालवाल्याला. मागची जोडी, हब आणि शॉकअप, टोंगा बेटांवरून आलेल्या सेमिसी नावाच्या माणसाने नेली. तो नदीकाठच्या गावात मांसाच्या कारखान्यात कामाला होता आणि क्लबमध्ये नुकताच आला होता. प्रत्येकाला क्लेमने सांगितलं, की हे ब्रेंटच्या गाडीचं आहे. प्रत्येकाने मान हलवली, घेतलं. कुणी थट्टा केली नाही.

मे महिन्याच्या रेसला ग्लेनिस आली. कुंपणापाशी क्लेमशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "कुठलं कुणाकडे गेलंय, सांग."

क्लेमने बोट दाखवून सांगितलं. दुपारच्या सुट्टीत ती एकेका गाडीपाशी गेली. कुणाशी फार बोलली नाही. ज्या चाकाआड ब्रेंटचा भाग असेल, त्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून क्षणभर थांबायची आणि पुढच्या गाडीकडे जायची. घोड्याच्या मानेवर हात ठेवावा तशी. रसेल शेजारी अंग चोरून उभा होता, हातात अर्धवट खाल्लेला सॉसेजचा पाव तसाच धरून.

जूनमध्येही ती आली. जुलैच्या थंडीत, पाऊस भुरभुरत असतानाही आली. तिने गाडीवर हात ठेवला की मंडळी दुसरीकडे बघायची. क्लेम कुंपणापाशी तिच्याजवळ उभा राहून रेस बघायचा. पण आता त्याला रेस दिसतच नसे. सगळ्या घोळक्यात त्याला तेवढ्या पाचच गाड्या दिसायच्या, आणि त्या पाच गाड्यांतून एक सहावी. मैदानाच्या पलीकडे पाइनच्या झाडांची रांग आहे. तिच्यामागे गाड्या थोडा वेळ दिसेनाशा होतात. तेवढा वेळ ग्लेनिसचा श्वास थांबतो हे त्याच्या लक्षात आलं. मग आपलाही थांबतो, हे लक्षात आलं.

पहिले परत आले ते शॉकअप. एका सकाळी क्लेमने फाटक उघडलं तर बाहेर, लोकर भरायच्या पोत्यात गुंडाळलेले. चिठ्ठी नाही, काही नाही. पण ते पोतं कुणाचं हे सांगायला ज्योतिषी नको होता. क्लेम रसेलकडे गेला.

"काय वाईट होतं त्यांच्यात?"

"काही नाही," रसेल म्हणाला. "उत्तम होते."

"मग?"

"गाडी डावीकडे ओढते."

"पाना आहे माझ्याकडे. बघतो की."

"तू बघून उपयोग नाही, क्लेम." रसेलने तोंड फिरवलं. "जाऊ दे गड्या. ठेव तू ते. पैसे पण ठेव."

पुढच्या आठवड्यात स्प्रिंगा आल्या, पावाच्या रिकाम्या ट्रेमध्ये. मग आर्म आणि स्टिअरिंगचे जोड. शाळेतल्या बाई निदान तोंडाने बोलल्या. शेडच्या दारातच उभं राहून त्या म्हणाल्या, "क्लेम, मला भुताखेतांवर विश्वास नाही. पण मागच्या वेळी झाडांमागच्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि थांबून राहिले. का थांबले, ते मला सांगता येत नाही. मागचा माझ्यावर आदळता आदळता राहिला." मग टपालवाल्याने हब आणून ठेवले, टपाल टाकावं तसे, गाडीतून न उतरता.

क्लेमचं टाळकं सरकलं. घरी जेवताना त्याने आयलीनपुढे सगळा राग काढला. "शिकलेसवरलेले लोक हे. लोखंड ते लोखंड. भुताची गाडी म्हणे. एक जण सांगतो डावीकडे ओढते, एक जण सांगते आपोआप थांबते. ग्लेनिसने काय समजायचं? पोराच्या वस्तूंना महारोग झालाय?"

आयलीनने काटा खाली ठेवला.

"भुताची नाही, क्लेम," ती म्हणाली. "त्यांनी पाहिली होती ती."

"काय पाहिली होती?"

"गाडी. रानात उभी असलेली. त्या संध्याकाळी. आपल्याकडे यायला तोच रस्ता आहे ना. सगळे त्याच रस्त्याने आले. अजून पुरता अंधार नव्हता. नारिंगी रंग, दिसणार नाही कसा? रसेलला वाटलं, पोरं रानात मस्ती करताहेत. बेकरीवाल्याला वाटलं, ट्रेलरचं टायर बसलं असेल, ब्रेंट मदत आणायला गेला असेल. प्रत्येकाला काहीतरी वाटलं. थांबलं कुणी नाही."

क्लेमने खुर्ची मागे सरकवली.

"मीही त्यातलीच," आयलीन म्हणाली. "मागच्या सीटवर उरलेले पाव होते, ते वाळतील म्हणून घाईत होते. मी हॉर्न दिला त्याला. गंमत म्हणून. घरी आले आणि तुला चॉप्स वाढले."

"डॉक्टर तर म्हणाले, की तो तिथल्या तिथे..."

"म्हणाले ना. आम्ही सगळे तेच म्हणतो एकमेकांना. कँटीनमध्ये दुसरं बोलणंच नाही. तिथल्या तिथे गेला, थांबूनही काही झालं नसतं." तिने ताटातलं उरलेलं एका बाजूला सारलं. "मग रात्री डोळे मिटले की ती गाडी आहेच. माझ्याकडे तोंड करून."

त्या सकाळी आपण रानात वळसा घालून मागून का गेलो, ते क्लेमला आता थोडं थोडं कळलं. त्या गाडीच्या तोंडासमोरून निम्मं गाव आधीच जाऊन आलं होतं.

त्याला एकच प्रश्न छळू लागला. हे ग्लेनिसला माहीत आहे का? माहीत असेल तर ती दर महिन्याला येऊन हात ठेवते तो कशासाठी? आणि नसेल, तर ते तिला कुणी सांगायचं?

ऑगस्टमध्ये फक्त सेमिसीकडची मागची जोडी परत यायची राहिली होती. तो त्या संध्याकाळच्या रांगेत नव्हता; त्याचं घर उलट्या दिशेला. पण क्लबमधलं वारं त्याला कळलं होतं. एका रविवारी त्याने गाडीची मागची चाकं उतरवली, भाग काढले, पुसून स्वच्छ केले, आणि ते घेऊन क्लेमकडे न येता थेट ग्लेनिसच्या घरी गेला. बरोबर बायको, आणि पानांत गुंडाळून भाजलेल्या मटण-नारळाचं मोठं भांडं. हे सगळं पुढे ग्लेनिसनेच क्लेमला सांगितलं.

"दारात उभा राहिला एवढा मोठा माणूस, डोळे खाली घालून," ती म्हणाली. "म्हणाला, बाई, मेलेल्या माणसाची वस्तू घरच्यांना न विचारता वापरली, चुकलो. आमच्याकडे असं करत नाहीत. तुम्ही हो म्हणालात तर ठेवतो, नाही म्हणालात तर इथे ठेवून जातो. पाच महिन्यांत मला विचारायला आलेला तो पहिला माणूस, क्लेम."

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, ठेव. मग आम्ही जेवलो. त्याच्या बायकोने ब्रेंटचा फोटो मागितला, बघितला आणि सरळ रडायला बसली. ना ओळख ना पाळख. माझ्या घरात तोवर कुणी असं मोकळं रडलंच नव्हतं. मी पण नाही."

हे बोलणं शेडमध्ये चाललं होतं. बोलता बोलता ग्लेनिसची नजर कोपऱ्याकडे गेली. ताडपत्रीखालचा सांगाडा, आणि त्याच्या शेजारी पोत्यावर ओळीने मांडून ठेवलेलं सगळं परत आलेलं सामान. ती उठून जवळ गेली. क्लेमला ते लपवायला वेळच मिळाला नव्हता.

"हे सगळं परत आलं?"

"आलं."

"मला वाटलंच. जुलैमध्ये हात ठेवला तेव्हा रसेलच्या गाडीत ते नव्हतं."

"तुला कसं कळलं?"

"रसेलने मान वर करून बघितलं माझ्याकडे. तोवर बघत नव्हता."

क्लेमला राहवलं नाही. "ग्लेनिस, ते का परत करताहेत, माहीत आहे तुला?"

"पोलिसाने पहिल्याच दिवशी सांगितलं मला," ती शांतपणे म्हणाली. "त्याने सगळ्यांना विचारलं होतं, की कुणी काय पाहिलं. सगळ्यांनी खरं सांगितलं. खोटं बोलणारी माणसं नाहीत ती."

"मग तू तिथे येऊन गाड्यांना हात लावायचीस ते..."

"ब्रेंटसाठी. आणि त्यांना बघून घ्यावं म्हणूनही. दोन्ही. खोटं कशाला बोलू? एकेकाला लाज वाटायला हवी होती, आणि वाटली. आता वाटून झालं, तर मलाच बरं वाटत नाहीये." तिने वाकून एक शॉकअप उचलला, दोन्ही हातांत तोलून बघितला, जसं बाजारात काही घेताना बघतात. "तू हे परत जोडशील?"

"जोडून काय करू?"

"मला दे. मी चालवीन."

क्लेमने तिला समजावून पाहिलं. वय अठ्ठावन्न, रेसची सवय नाही, गाडी हलकी आणि चपळ असते, ट्रकसारखी नसते. ग्लेनिसने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधीपर्यंत होईल?"

जोडायला सप्टेंबर गेला. मागच्या भागांची दुसरी जोडी क्लेमने आपल्या साठ्यातून घातली. वाकलेला आर्म बदलला. चारही हबांना नवे स्टड बसवले, एकेक नट लांब पान्याने आवळला, सोडला आणि पुन्हा आवळला. रंगाला हात लावला नाही. ग्लेनिसने तसं बजावलं होतं. ह्या दिवसांत त्याच्या पाठीमागच्या पिंपावर पुन्हा कुणीतरी यायला लागलं होतं. क्लेम वळून बघत नसे. कधीकधी मात्र मोठ्याने म्हणायचा, "हा बुश बघ, अजून दोन वर्षं जाईल," आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघायचा.

ऑक्टोबरात क्लबचा सरावाचा दिवस होता. रेस नव्हती, ज्याला हवं त्याने एकटं फिरून यायचं. नारिंगी गाडी ट्रेलरवरून उतरली तेव्हा मैदानावरचे सगळे आवाज थांबले. आयलीन कँटीनमधून बाहेर आली. ग्लेनिसने ब्रेंटचं हेल्मेट घातलं नव्हतं. स्वतःसाठी नवं आणलं होतं. ती आत बसली, पट्टे आवळले, आणि निघाली.

पहिला फेरा हळू. दुसरा जरा बरा. कुंपणावर हळूहळू सगळी मंडळी येऊन उभी राहिली. रसेल, बेकरीवाला, शाळेतल्या बाई. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिसऱ्या फेऱ्याला गाडी पाइनच्या झाडांमागे गेली आणि बाहेर आली नाही.

आवाज बंद झाला. क्लेमने मोजायला नको तेवढा वेळ वाट पाहिली. मग तो पळत सुटला, दुखऱ्या गुडघ्यानिशी, आणि धावताना त्याला जाणवलं की आपण एकटे नाही. रसेल त्याच्या पुढे होता. टपालवाला गाडी सुरू करून मैदान तुडवत निघाला होता. आयलीन कँटीनचा एप्रन लावलेलीच धावत होती.

गाडी झाडांपलीकडच्या गवतात उभी होती. चार चाकांवर, सरळ, तोंड त्यांच्याकडे. आत ग्लेनिस बसलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

रसेल पहिला पोहोचला. दार उघडून त्याने आत वाकून विचारलं, "ग्लेनिस, लागलं का? ठीक आहेस ना?"

"बंद पडली," ग्लेनिस म्हणाली. "गिअर चुकला माझा." आणि मग धापा टाकत भोवती जमलेल्या एकेकाकडे तिने बघितलं. तिने मुद्दाम थांबवली होती की खरंच बंद पडली होती, हे क्लेमने तिला कधी विचारलं नाही. इंजिनात दोष नव्हता, एवढं त्याने नंतर तपासलं.

रसेल दारात गुडघ्यांवर बसला होता. "मी बघितली होती गं," तो म्हणाला. "मी बघितली आणि गेलो."

"माहीत आहे," ग्लेनिस म्हणाली. "ऊठ आता. ढकला जरा."

त्यांनी ढकलली. गाडी सुरू झाली.

ग्लेनिस दोन हंगाम रेसला उतरली. बहुतेक वेळा शेवटची यायची. एकदाच चौथी आली. पुढचे तिघे एकमेकांवर आदळले होते म्हणून. तिने माफ केलं की नाही केलं, असलं बोलणं यालामरात कुणी काढलं नाही. रसेलने तिचं एका हंगामाचं पीक काढायला मदत केली, आणि तिने त्याला सर्वांदेखत सांगितलं की त्याला ट्रक मागे घेता येत नाही. शेवटी तिने ती गाडी सेमिसीला दिली. त्याने ब्रेंटचे मागचे भाग आपल्या गाडीतून काढून पुन्हा तिला लावले. तसं करण्याआधी तो ग्लेनिसला विचारायला गेला होता.

गावातली एक गोष्ट मात्र बदलली ती बदललीच. त्या हमरस्त्यावर आता कुणाची गाडी कडेला उभी दिसली की मागून येणारा थांबतो. त्याच्यामागचाही थांबतो. लघवीला उतरलेल्या ट्रकवाल्यांना ह्याचा फार ताप होतो. एका शेतकऱ्याने आपली बंद पडलेली जुनी गाडी रस्त्यालगतच्या रानात सोडून दिली होती; लोकांनी इतक्यांदा फोन करून विचारलं, की वैतागून त्याने ती उचलून नेली. आयलीन तरीही संध्याकाळी त्या रस्त्याने येत नाही. मातीच्या लांबच्या वाटेने येते. क्लेमने तिला कधी का म्हणून विचारलं नाही. जेवण उशिरा झालं तर उशिरा जेवतो.

क्लेम अजून स्टड बसवतो. गुडघा बदलून घेतलाय, त्यामुळे खाली बसायला त्रास होतो. ठोकलेली गाडी आणली की मात्र तो आता विचारतो, कुणाची, कशी ठोकली, माणूस राहिला का. उत्तर वाईट असलं तरी गाडी घेतो. पण ज्याला भाग देईल त्याला सगळं सांगून देतो. त्यामुळे बरीच गिऱ्हाइकं तुटली.

मागच्या शनिवारी शहराकडची एक तरुण मुलगी आली होती, नवीनच रेस शिकणारी. तिला पुढचा आर्म हवा होता, स्वस्तातला. क्लेमने काढून दिला आणि सांगितलं, "ही गाडी चालवणारे म्हातारबाबा वळणावर गेले. त्यांचं नाव लेस्टर. मासे पकडायला निघाले होते."

मुलीने आर्म हातात उलटापालटा करून पाहिला. "कुठल्या नदीवर?" तिने विचारलं.

हे क्लेमने विचारलं नव्हतं. "थांब," तो म्हणाला, आणि लेस्टरच्या घरी फोन करायला आत गेला.